नियंत्रित प्रयोग : कांद्याच्या चाळीपासून द्राक्षबागेपर्यंत

चाळीतील प्रश्न

नाशिक जिल्ह्यात मार्च ते मे या काळात काढलेला उन्हाळ कांदा चाळीत भरला जातो आणि पावसाळा ओलांडून सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत थोडाथोडा बाजारात येतो. या काळात ढिगाचे नुकसान तीन वाटांनी होते. कांद्यातील पाणी उडून वजन घटते, बुरशी व जिवाणूंमुळे कांदा सडतो आणि सुप्तावस्था संपली की कोंब फुटतात. तिन्हींची कारणे वेगळी आहेत, पण ती एकाच ढिगात एकाच वेळी काम करत असतात. एखाद्या वर्षी चाळ चांगली टिकली, तर श्रेय वाणाचे की वेळेवर काढणीचे? पात नीट सुकवल्याचे, चाळीच्या तळातून खेळणाऱ्या हवेचे, की त्या वर्षी लांबलेल्या पावसाचे? नुसते निरीक्षण कितीही बारकाईचे असले, तरी त्यातून उत्तर मिळत नाही, कारण एका वर्षापासून दुसऱ्या वर्षापर्यंत या सर्व गोष्टी एकत्रच बदललेल्या असतात. गुंतलेली कारणे एकमेकांपासून सोडवण्यासाठी विज्ञानाने नियंत्रित प्रयोगाची पद्धत घडवली.

व्याख्या

दोन किंवा अधिक गट घ्यायचे, ते सर्व बाबतींत शक्य तितके सारखे ठेवायचे, त्यांच्यात एकच घटक मुद्दाम बदलायचा आणि परिणाम मोजायचा, हे नियंत्रित प्रयोगाचे मूळ रूप. जो घटक संशोधक बदलतो तो स्वतंत्र चल, जो मोजला जातो तो अवलंबी चल, आणि ज्या बाबी सारख्या राखल्या जातात ती नियंत्रित चले. ज्या गटात बदल केलेला नसतो त्याला नियंत्रण गट किंवा तुलना गट म्हणतात. प्रयोगाआधी मांडलेल्या आणि चुकीचे ठरण्याची शक्यता असलेल्या विधानाला गृहीतक म्हणतात. ‘कांद्याला गॅमा किरण दिल्यास तो चांगला टिकतो’ हे गृहीतक म्हणून ढिले आहे. ‘काढणीनंतर थोड्याच आठवड्यांत ठरावीक मात्रा दिलेल्या कांद्यात पाच महिन्यांनंतर कोंब फुटण्याचे प्रमाण न दिलेल्यापेक्षा कमी असते’ हे तपासता येते. ते खोटे ठरायचे असेल तर कसे ठरेल, हे त्यातच लिहिलेले आहे.

लासलगावचे विकिरण केंद्र

या विधानामागे नाशिक जिल्ह्यातीलच एक ठोस यंत्रणा आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने लासलगाव येथे उभारलेले कृषी उत्पादन संरक्षण केंद्र, ‘कृषक’ या नावाने ओळखले जाणारे, २००२ मध्ये सुरू झाले. तेथे कोबाल्ट-६० या स्रोतातून निघणाऱ्या गॅमा किरणांसमोरून शेतमाल नेला जातो. कांद्यासाठी लागणारी मात्रा अल्प, साधारण ६० ते ९० ग्रे एवढी असते. एक ग्रे म्हणजे एका किलोग्रॅममध्ये शोषली गेलेली एक ज्यूल ऊर्जा. एवढ्या ऊर्जेने कांद्याचे तापमान एका अंशाच्या तिसाव्या भागाइतकेही वाढत नाही. म्हणजे कोंब थांबतात ते उष्णतेमुळे नव्हे. कांद्याच्या गाभ्यातील अंकुरात विभाजनासाठी सज्ज असलेल्या पेशी असतात. किरणांमुळे त्यांच्या डीएनएला इजा होते आणि त्यांचे विभाजन थांबते. मांसल पापुद्र्यांतील पेशी विभाजित होतच नसल्यामुळे खाण्याच्या भागावर तसा परिणाम दिसत नाही. कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची ऊर्जा कांद्यातील अणूंना किरणोत्सारी करण्याइतकी नसते, त्यामुळे प्रक्रिया झालेला कांदा किरणोत्सारी होत नाही.

तुलनेची गोणी

अशा प्रक्रियेची पारख करायची तर उपचार दिलेल्या गोण्यांइतकेच लक्ष उपचार न दिलेल्या गोण्यांकडे द्यावे लागते. एकाच शेतातला, एकाच वाणाचा, एकाच दिवशी काढलेला, सारखा सुकवलेला आणि सारखी प्रतवारी केलेला कांदा घेऊन त्याचे दोन भाग केले आणि एक भाग लासलगावला पाठवून दुसरा थेट चाळीत भरला, तर तुलना आधीच बिघडते. गाडीत चढ-उतार करताना कांदा आदळतो, साल निघते, मान दुखावते आणि तेथून काळी बुरशी शिरते. प्रवास केलेल्या गोणीत सड जास्त दिसली, तर दोष किरणांचा की रस्त्याचा हे सांगता येणार नाही. म्हणून तुलनेच्या गोणीनेही गाडीत चढावे, केंद्रापर्यंत जावे, तितकाच वेळ तेथे थांबावे आणि परत यावे. फक्त किरणांसमोरून जाऊ नये. नियंत्रण गटाला काहीही करायचे नाही असा समज पुष्कळदा दिसतो, आणि अनेक घरगुती चाचण्या तेथेच फसतात. नियंत्रण गटाला तपासायची ती एक गोष्ट सोडून बाकी सर्व काही सोसावे लागते.

अशी तुलना नीट झाली की उपचाराची मर्यादाही त्याच आकड्यांत दिसते. कोंब, सड आणि वजनघट वेगवेगळी मोजली, तर किरणांचा प्रभाव पहिल्यावर पडतो, उरलेल्या दोहोंवर नाही, कारण इतक्या कमी मात्रेने बुरशी मरत नाही आणि पाणी उडणेही थांबत नाही. सुप्तावस्था संपून अंकुर वाढू लागल्यावर मात्रा दिली तर उपयोग घटतो. काही वेळा दीर्घ साठवणीत गाभ्यातील मेलेला अंकुर तपकिरी किंवा काळा पडलेला आढळतो. तिन्ही नुकसाने एकत्र करून ‘एकूण टिकवण’ एवढाच आकडा काढला असता, तर यातले काहीच कळले नसते. काय मोजायचे हे आधी नीट ठरवणे हा प्रयोगाच्या रचनेचाच भाग असतो.

यादृच्छिक वाटप

दोन्ही प्रकारच्या गोण्या तयार झाल्यावर त्या चाळीत कोठे ठेवायच्या, हा प्रश्न उरतो. चाळीचा पश्चिमेकडील भाग पावसाच्या सरींना उघडा असतो, तळाला हवा खेळते पण वरच्या थरांचा भारही पडतो, आणि मधल्या भागात ऊब साठते. प्रक्रिया केलेल्या गोण्या सोयीसाठी एका बाजूला ठेवल्या, तर किरणांचा परिणाम आणि जागेचा परिणाम एकमेकांत मिसळतात. माणसाने ‘समतोल’ साधून जागा ठरवल्या, तरी चांगल्या गोणीला नकळत चांगली जागा मिळते. यावरचा उपाय म्हणजे चिठ्ठ्या टाकून किंवा यादृच्छिक अंकांच्या आधारे जागा ठरवणे. यालाच यादृच्छिकीकरण म्हणतात. संशोधकाला जे फरक माहीत आहेत ते तो स्वतः सारखे करू शकतो. जे त्याला माहीतच नाहीत, त्यांचे वाटप चिठ्ठी दोन्ही गटांत पक्षपाताविना करते. प्रयोगशास्त्रातील सर्वांत खोल कल्पना हीच असावी, कारण अज्ञात कारणांवर एवढा तरी अंमल बसवणारे दुसरे साधन माणसाकडे नाही.

शेतात याच्या जोडीला खंड पाडले जातात. नाल्याकडे उतरत जाणाऱ्या काळ्या जमिनीत वरच्या बाजूची माती उथळ आणि खालची खोल असते. उताराला आडवे चार पट्टे पाडले, तर प्रत्येक पट्ट्यातील माती बरीचशी सारखी मिळते. सहा उपचार असतील तर प्रत्येक पट्ट्यात सहा वाफे आखून, त्या पट्ट्यापुरत्या वेगळ्या चिठ्ठ्या टाकून सहाही उपचार दिले जातात. एकूण २४ वाफे होतात आणि पट्ट्यापट्ट्यांतील मातीचा फरक गणितात बाजूला काढता येतो. वाफ्यांच्या कडेला रक्षक ओळी सोडतात. फवारा वाऱ्याने शेजारी उडतो, पाणी व खत झिरपते. म्हणून मोजणी मधल्या ओळींतूनच होते.

पुनरावृत्ती आणि तिचा आभास

एका गोणीची तुलना एका गोणीशी केली तर जो फरक दिसेल तो त्या दोन गोण्यांचाही असू शकतो. सारखी वागणूक मिळालेल्या गोण्याही एकमेकींपासून किती वेगळ्या वागतात, हे कळल्याशिवाय उपचाराने पडलेला फरक मोठा की लहान हे ठरत नाही. म्हणून प्रत्येक उपचार अनेक स्वतंत्र एककांवर द्यावा लागतो. येथे ‘स्वतंत्र’ या शब्दावर सगळा भर आहे. एकाच गोणीतील शंभर कांदे मोजले म्हणजे शंभर पुनरावृत्त्या होत नाहीत. ते कांदे एकाच जागी, एकाच दमट हवेत, एकाच सडलेल्या शेजाऱ्याला लागून होते, आणि सड एकाकडून दुसऱ्याकडे पसरते. तेथे एकक गोणी आहे, कांदा नाही. एकाच वेलीवरील चाळीस घड मोजून काढलेल्या सरासरीलाही हेच लागू पडते.

पानसे आणि सुखात्मे

या रचनेचे शास्त्र इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथील कृषी प्रयोग केंद्रात आकाराला आले. तेथे १९१९ पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी यादृच्छिकीकरण, खंड आणि पुनरावृत्ती यांची एकत्र मांडणी केली, आणि १९३५ मध्ये त्यांचे प्रयोगरचनेवरील पुस्तक प्रसिद्ध झाले. भारतीय शेतीत ही पद्धत रुजवणाऱ्यांत दोन मराठी नावे अग्रभागी आहेत. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून लंडनला गेले, परतल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेत संख्याशास्त्राची बाजू त्यांनी उभी केली आणि पुढे संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेत काम केले. विनायक गोविंद पानसे यांनी इंदूरच्या वनस्पती उद्योग संस्थेत कापसावर काम करताना याच विचाराला प्रत्यक्ष शेताची जोड दिली. या दोघांनी कृषी संशोधकांसाठी लिहिलेले संख्याशास्त्रीय पद्धतींचे पुस्तक १९५४ मध्ये निघाले. कृषी महाविद्यालयांतील विद्यार्थी आजही प्रबंधात त्याचा उल्लेख नुसता ‘पानसे-सुखात्मे’ असा करतात.

त्यातील हिशेबाचे सार मोजके आहे. एकूण फरकातून खंडांचा वाटा आणि उपचारांचा वाटा वेगळा काढायचा. जे उरते तो निव्वळ योगायोगाचा चढउतार. उपचारांचा वाटा या चढउताराच्या मानाने पुरेसा मोठा असेल, तरच फरक सार्थ मानायचा. कृषी संशोधनात रूढ असलेली पाच टक्क्यांची मर्यादा सांगते, की उपचाराचा काही परिणाम नसता तर इतका मोठा फरक वीसपैकी एखाद्याच वेळी योगायोगाने दिसला असता. सार्थ फरक म्हणजे फायद्याचा फरक असे मात्र नाही. उत्पादनातील सार्थ वाढ औषधाच्या खर्चापेक्षा कमी किमतीची असू शकते, आणि ते पाहायला वेगळा हिशेब लागतो.

दोन घटक एकाच वेळी

एका वेळी एकच घटक बदलावा हा शाळेत शिकवला जाणारा नियम सुरुवातीला उपयोगी आहे, पण निसर्गात घटक एकमेकांच्या परिणामात ढवळाढवळ करतात. कांद्याचेच उदाहरण घेता येते. शून्याच्या जवळपास तापमान असलेल्या शीतगृहात कांद्याला कोंब येत नाहीत, पण बाहेर काढताच ते वेगाने फुटतात. किरण दिलेला कांदा बाहेर आल्यावरही फुटत नाही, मात्र साध्या चाळीत तो सुकतो आणि सडतोच. किरण दिले किंवा न दिले आणि शीतगृह वापरले किंवा साधी चाळ, अशा चार जोड्या एकाच प्रयोगात ठेवल्या तरच कळते, की दोन्ही उपाय एकमेकांची उणीव भरून काढतात. दोन स्वतंत्र प्रयोगांतून ही गोष्ट निसटली असती.

निफाड तालुक्यातील कुंदेवाडी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे. हिवाळ्यात निफाडच्या कडाक्याच्या थंडीची जी बातमी येते, तिच्यातील तापमान बहुधा याच केंद्रावर नोंदलेले असते. तेथून आलेल्या वाणांत त्र्यंबक आणि तपोवन ही नावे आहेत, आणि ती याच परिसराची आहेत. गव्हाच्या बाबतीत वाण आणि पेरणीची तारीख यांचे नाते असेच गुंतलेले असते. उशिरा पेरलेल्या गव्हात दाणा भरण्याच्या वेळी फेब्रुवारी-मार्चची ऊब येते, भरण्याचा काळ आखडतो आणि दाणा बारीक राहतो. सर्वच वाणांना याचा फटका सारखा बसत नाही. त्यामुळे ‘कोणता वाण चांगला’ या प्रश्नाला पेरणीची तारीख सांगितल्याशिवाय उत्तर नसते, आणि शिफारशीही वेळेवर पेरणीसाठी वेगळ्या व उशिरा पेरणीसाठी वेगळ्या दिल्या जातात.

भाताच्या रोगातून द्राक्षाच्या मण्याकडे

नियंत्रित प्रयोगाने निव्वळ ‘उपयोग होतो की नाही’ एवढेच कळत नाही, तर निसर्गातील यंत्रणाही उलगडते. याचे उत्तम उदाहरण नाशिकच्या प्रत्येक द्राक्षबागेत आहे, जरी त्याची सुरुवात भातशेतीत झाली. जपानी भातशेतीत काही रोपे अचानक उंच, फिकट आणि बारीक होऊन कोलमडत. रोग बुरशीमुळे होतो हे ठाऊक होते. बुरशी रोपाला उंच कशी करते, हे माहीत नव्हते. तेव्हा जपानच्या ताब्यात असलेल्या तैवानात काम करणाऱ्या एइइची कुरोसावा यांनी १९२६ मध्ये बुरशी द्रवात वाढवली, मग ती गाळून वेगळी केली आणि बुरशी नसलेला तो द्रव निरोगी रोपांना दिला. रोपे तशीच उंच वाढली. एका पायरीत दोन शक्यता वेगळ्या झाल्या: रोपाची वाढ बुरशीच्या शिरकावाने होत नसून तिने सोडलेल्या पदार्थाने होते. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या पदार्थाला जिबरेलिन हे नाव दिले आणि १९३८ मध्ये तो स्फटिकरूपात मिळाला. पुढे दिसून आले, की असे पदार्थ वनस्पती स्वतःही तयार करतात आणि वाढीचे नियमन त्यांच्याकडून होते.

नाशिकच्या बागायतदाराच्या बोलण्यातील ‘जीए’ म्हणजे जिबरेलिक आम्ल. द्राक्षाच्या मण्यातील बी हा जिबरेलिनचा नैसर्गिक स्रोत असतो. थॉम्पसन सीडलेससारख्या वाणात बी पूर्ण वाढतच नाही, त्यामुळे मणी मुळात लहान राहतो, आणि ती उणीव बाहेरून दिलेल्या जीएने भरून निघते. हाच पदार्थ वेळेनुसार वेगवेगळे काम करतो. फुलोऱ्यापूर्वी दिला तर घडाचा देठ लांबतो आणि पाकळ्या मोकळ्या होतात, फुलोऱ्यात दिला तर विरळणी होते, मणी बसल्यावर दिला तर पेशी ताणून मणी फुगतो. एकाच द्रावणाचे तीन परिणाम असल्यामुळे, मात्रा आणि अवस्था यांच्या जोड्या लावून केलेल्या चाचण्यांशिवाय या वापराचे वेळापत्रक तयारच होऊ शकत नव्हते. ४० पीपीएमचे द्रावण म्हणजे एका लिटर पाण्यात फक्त ४० मिलिग्रॅम. अशा चाचणीत तुलनेच्या घडांनाही जीए नसलेल्या, पण तेवढ्याच आम्लतेच्या पाण्यात बुडवावे लागते, नाहीतर बुडवण्याचाच परिणाम जीएच्या नावावर जमा होतो.

बहुवर्षायू वेलीची अडचण

गव्हाचा प्रयोग एका हंगामात संपतो, पण द्राक्षाचा संपत नाही. नाशिक भागात वेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते. उन्हाळ्यातील खरड छाटणीनंतर नवी काडी तयार होते आणि त्या काडीच्या डोळ्यांत, साधारण दीड-दोन महिन्यांत, सूक्ष्म घडनिर्मिती होते. फळ मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरच्या गोडी बहार छाटणीनंतर येते. मेमध्ये दिलेल्या खताचा किंवा ढगाळ जूनचा परिणाम अशा रीतीने पुढच्या फेब्रुवारी-मार्चच्या वजनकाट्यावर दिसतो. गेल्या वर्षी जास्त घड धरलेल्या वेलीच्या खोडातील अन्नसाठाही कमी असतो, आणि तिच्यावरचा यंदाचा उपचार निष्कारण वाईट ठरू शकतो. म्हणून वेलींवरील प्रयोगात मागील वर्षाचे उत्पादन व खोडाची जाडी पाहून सारख्या वेली निवडतात, त्याच वेलींवर तोच उपचार सलग काही हंगाम देतात आणि मगच निष्कर्ष काढतात. खुंटाच्या तुलनेला तर आणखी वर्षे लागतात. क्षारयुक्त पाणी सहन करण्यासाठी लावलेला डॉगरिज खुंट पहिल्या फळात कसा वागला, याला फारसा अर्थ नसतो.

आंधळी चाचणी

मोजणारा माणूसही प्रयोगाचा एक घटक असतो. पानावरील केवडा किंवा भुरी डोळ्यांनी पाहून गुण देताना, कोणत्या ओळीवर महागडे औषध मारले आहे हे ठाऊक असेल तर गुण आपोआप झुकतात. त्यासाठी वाफ्यांना फक्त क्रमांक देतात आणि उपचारांची यादी दुसऱ्याकडे ठेवतात. महाराष्ट्रात या तत्त्वाचे स्वच्छ उदाहरण शेतीबाहेर घडले. २००८ च्या सुमारास खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे आणि महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या नरेंद्र दाभोलकरांसह, फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थ्यांच्या व शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळांवरून केलेल्या दोनशे पत्रिका मिसळून, सहभागी ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देण्यात आल्या. पत्रिका कोणत्या गटातली हे ओळखायचे होते. उत्तरे २७ जणांकडून आली. योगायोगापलीकडचे यश म्हणायला ४० पैकी किमान २८ बरोबर हवी होती. सर्वाधिक २४ आली आणि सरासरी २० च्या खालीच राहिली. एका संस्थेने सर्व दोनशे पत्रिका पाहिल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर निघाली, म्हणजे नाणेफेकीइतकीच. पत्रिकांचे गट सहभागींना आधी माहीत नसणे हा या चाचणीचा कणा होता.

माणसांवरील प्रयोग

मुंबईत १८९६ मध्ये प्लेग आला तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयातील खोल्यांत लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढील वर्षी बडोदे संस्थानातील उंधेरा गावात त्यांनी प्रत्येक कुटुंबातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचली. एकाच घरात राहणारी, एकच अन्न खाणारी, त्याच उंदरांच्या सान्निध्यातली माणसे दोन गटांत आली. शेतातील खंडाची कल्पनाच येथे घराच्या रूपात दिसते. लस टोचलेल्यांत ३ आणि न टोचलेल्यांत २६ मृत्यू झाले. आज असा प्रयोग करायचा तर माहितीपूर्ण संमती, नैतिक समितीची मान्यता आणि २००९ पासून सक्तीची झालेली राष्ट्रीय नोंदणी आवश्यक असते, आणि ते योग्यच आहे. जीव वाचवणारा सिद्ध उपाय हातात असताना तुलनेसाठी तो कोणाला नाकारता येत नाही.

काही उपाय माणसामाणसांत वाटताच येत नाहीत. ते गावालाच द्यावे लागतात. गडचिरोलीत अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीची चाचणी ३९ गावांत घेतली आणि ४७ गावे तुलनेसाठी ठेवली. तुलनेच्या गावांत शासकीय आरोग्यसेवा चालूच होती. गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, म्हणून १९९३ ते १९९५ अशी दोन वर्षे आधारभूत मोजणी झाली. त्या काळात दोन्ही भागांतील नवजात मृत्युदर जवळपास सारखे, हजारी ६२ आणि ५८ होते. गावातल्याच प्रशिक्षित स्त्रियांनी जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून उपचार करायला सुरुवात केल्यावर, तिसऱ्या वर्षी हा दर चाचणीच्या भागात २५.५ वर आला आणि तुलनेच्या भागात ५९.६ राहिला. तुलनेची ४७ गावे नसती, तर ही घट पावसाची, रस्त्यांची की काळाची, असा वाद आजही चालू राहिला असता.

प्रयोग करता येत नाही तेथे

ब्रह्मगिरी आणि अंजनेरीचे कडे ज्या लाव्ह्याचे आहेत, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिला. तो पुन्हा वाहवून पाहता येत नाही आणि मान्सूनलाही नियंत्रण गट नसतो. अशा क्षेत्रांत निरीक्षण, निसर्गानेच घडवलेल्या तुलना आणि प्रयोगशाळेतील लहान प्रयोग यांची सांगड घातली जाते. भूवैज्ञानिक खडक भट्टीत वितळवून त्याचे स्फटिक कोणत्या तापमानाला कोणत्या क्रमाने बनतात ते पाहतात आणि तो क्रम सह्याद्रीतील बेसाल्टशी ताडून बघतात. निष्कर्ष अनेक स्वतंत्र पुराव्यांच्या जुळणीवर उभा राहतो.

प्रयोग मोजतो तेवढेच सांगतो

प्रयोग काळजीपूर्वक रचला तरी त्याने न मोजलेल्या गोष्टींबद्दल तो मुका असतो. खरड छाटणीनंतर वेलीची शाखीय वाढ रोखण्यासाठी आणि घडनिर्मिती वाढवण्यासाठी क्लोरमेक्वाट क्लोराइड वापरले जाई. घडांची संख्या मोजणाऱ्या दृष्टीने ते उपयुक्तच होते. २०१० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय द्राक्षांत त्याचे अवशेष तेथील मर्यादेपेक्षा जास्त आढळले, माल नाकारला गेला आणि निर्यातीत आघाडीवर असलेल्या नाशिकच्या बागायतदारांना मोठा फटका बसला. उन्हाळ्यात फवारलेला पदार्थ वेलीत टिकून महिन्यांनंतर फळात उतरतो का, हा वेगळा प्रश्न होता आणि त्याला वेगळी मोजणी लागत होती. शिवाय एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे आपोआप लागू होत नाही. दिंडोरीच्या हलक्या मुरमाड जमिनीत उपयोगी ठरलेली खताची मात्रा गोदाकाठच्या खोल काळ्या जमिनीत फोल जाऊ शकते. म्हणूनच विद्यापीठे शिफारस देण्यापूर्वी अनेक ठिकाणी आणि अनेक वर्षे चाचण्या घेतात.

बागेतील मोकळी ओळ

या पद्धतीला महागडी उपकरणे लागतातच असे नाही. बागेत चार वेगवेगळ्या ठिकाणी दोन-दोन ओळींच्या जोड्या निवडून, प्रत्येक जोडीत कोणत्या ओळीला नवे औषध द्यायचे हे नाणे उडवून ठरवले, दुसऱ्या ओळीवर त्याच दिवशी नुसते पाणी फवारले, आणि काढणीच्या वेळी दोन्ही ओळींच्या क्रेट वेगळ्या तोलून वहीत नोंदल्या, तर खंड, यादृच्छिकीकरण, पुनरावृत्ती आणि नियंत्रण या चारही गोष्टी साधतात. तोटा झालाच तर तो चार ओळींना औषध न मिळाल्याचा, आणि ते औषध निरुपयोगी असेल तर तोही होत नाही. दर हंगामाला नवी संजीवके, नवी जैविक द्रावणे आणि नवे टॉनिक घेऊन येणाऱ्या बाजारात मोकळ्या ओळीची ही सवय फार कमी ठिकाणी दिसते. ज्या उत्पादनाच्या माहितीपत्रकावर फक्त फवारलेल्या घडाचे छायाचित्र आहे आणि शेजारच्या न फवारलेल्या ओळीचे वजन नाही, त्याच्या दाव्याला पुरावा मानण्याचे काही कारण नाही.